कात्री लावू का?

अक्कांच्या घरून कुणी पोटभर जेवून उठलं, असं माझ्या ऐकिवात नाही. स्वयंपाकात खोट नव्हती. सार असं असायचं की वाटी तोंडाला लावून प्यावं, आणि पुरणपोळी तर तुपात भिजून पानाला चिकटलेली. पण वाढणं एकदाच. मग "आणखी एक वाढू?" असं अक्का विचारत, आपण घरच्या वळणाप्रमाणे "नको नको" म्हणत ताटावर हात आडवा धरत असू, आणि अक्का खरोखर डबा उचलून आत घेऊन जात. आपला हात तसाच ताटावर राहायचा. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा आमच्या निपाणीच्या सवयीनं दुसऱ्या पोळीला नको म्हणाले आणि तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं ठरवून बसले. डबा गेला तो गेलाच. मग पीजीवर परतून मी बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून मी त्यांना ते बोलून दाखवलं.

"नको म्हणालीस की," अक्का म्हणाल्या.

"अहो, तसं म्हणायची पद्धत असते."

"मग खरंच नको असेल तेव्हा काय म्हणतात तुमच्याकडे?"

 

अक्का जयनगरातल्या एका लहानशा नर्सिंग होमच्या डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, मधे एक जिना. पेशंट त्यांना डॉक्टरम्मा म्हणत, आम्ही नोकरीतली माणसं अक्का. घराणं मराठी, पण बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की त्यांचं मराठी ऐकून मला वाटायचं या कन्नड बोलतायत, आणि माझं ऐकून त्यांना वाटायचं मी हिंदी बोलतेय. 'स्वल्प थांब' म्हणजे थोडं थांब, हे मी लगेच शिकले. 'सरी' म्हणजे ठीक, पण अक्कांच्या तोंडी 'सरी' आलं की विषय संपला असं समजायचं, हे शिकायला वेळ लागला. साडी कडक खळीची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंबाड्यावर मोगऱ्याचा वळेसर आणि आवाज असा की लेबर रूममधून बोलल्या तर फाटकावरचा रखवालदार "आलो" म्हणायचा.

मी नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा माझी प्रसूती-नर्सिंगची प्रमाणपत्रं त्यांनी बाजूला सारली. "तुझा हात बघू?" म्हणाल्या. मला वाटलं, ज्योतिष बघतात की काय. मी हात पुढे केला. "धरू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी माझ्या तळव्यावर आपला तळवा ठेवून मापला. "लहान आहे. बायकांना त्रास कमी होईल. सोमवारपासून ये." एवढीच मुलाखत.

हे 'धरू का, लावू का, बघू का' म्हणजे अक्कांचं खूळ. भाजीवाल्याला "टोमॅटो दाबून बघू?" असं विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तो बिचारा प्रत्येक वेळी गोंधळायचा. रिक्षात बसल्यावर त्या विचारायच्या, "बोलत बसू का गप्प बसू?" बंगळुरातल्या रिक्षावाल्यांना मीटर टाकता का, एवढंच विचारायची लोकांना सवय, या प्रश्नानं ते मागं वळून बघायचे आणि माझा जीव समोरच्या बसवर. लहान मुलाचे गाल ओढायच्या आधी त्या मुलाला विचारायच्या. बहुतेक मुलं नाही म्हणायची. त्या मग स्वतःचे हात मागे बांधून उभ्या राहायच्या, आणि मुलाची आई ओशाळायची.

दवाखान्यात मात्र ते खूळ राहायचं नाही. तिथं ती त्यांची कामाची पद्धत होती, आणि ती समजायला मला फार काळ लागला. कारण मी शिकले ते मोठ्या सरकारी इस्पितळात. तिथं बाळंतीण टेबलावर आली की ठरलेल्या गोष्टी होत. सलाईन, त्यात कळा वाढवायचं औषध, पाण्याची पिशवी फोडणं, मधून मधून कुणी ना कुणी येऊन आतून तपासणं, आणि पहिलटकरीण असेल तर डोकं दिसू लागलं की खाली छेद. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी गरजेची असते. आम्ही ती गरज बघत नव्हतो. सगळ्यांना करतात म्हणून हिलाही करायचं, आणि विचारायचं तर कुणालाच नाही. ओरडली तर रागवायचं. मीही रागवायची. तेच शिकले होते.

अक्का स्टूल ओढून बाईच्या तोंडाशी बसत, पायाशी नाही. कळ येऊन जाऊ देत. मग विचारत, "पिशवी फोडू का? फोडली तर कळा जोरात येतील, लवकर सुटशील कदाचित. नाही फोडली तर आपली आपण फुटेल, स्वल्प वेळ जाईल. बाळ मजेत आहे, दोन्ही चालतं." आणि गप्प. बाई म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." अक्का म्हणायच्या, "मी म्हणेन तसंच करायचं तर मी विचारते कशाला?"

छेदाचा प्रश्न त्या आधीच, सातव्या महिन्यातल्या तपासणीला काढत. "त्या वेळी तुला धड विचार करायला सुचणार नाही म्हणून आज सांगते. बहुतेक वेळा लागत नाही. बाळ गुदमरायला लागलं तर लागतो, आणि तेव्हा मी लांबण लावणार नाही. पण लावायच्या आधी एकदा विचारीन." आणि तशी वेळ आलीच तर त्या आवाज चढवून विचारायच्याच, "कात्री लावू का?" कधी घाईत, कधी घामानं निथळत, पण विचारायच्या. बाई किंचाळून का होईना, "लावा" म्हणायची. त्या एका शब्दाला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण त्यापायी कुठलं बाळ अडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

लोकांना हे आवडायचंच असं नाही. "डॉक्टरला येत नाही म्हणून पेशंटला विचारते," असं बोललं जायचं. एका नवऱ्यानं तोंडावर सुनावलं, "आम्हीच ठरवायचं तर तुमच्याकडे आलो कशाला?" अक्कांनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही नव्हे हो, ती ठरवणार. तुम्ही बाहेर बसायचं." ती मंडळी दुसरीकडे गेली. अशी बरीच जायची.

चिकपेटेच्या कापडबाजारातल्या एका साडीवाल्या घरातली सून आली होती, ती मला विसरता येत नाही. मुलगी अगदी कोवळी, कळा मंद, आणि सोबत सासू. सासूचं म्हणणं, राहुकाळ लागायच्या आत बाळ व्हायला हवं, तेव्हा कळा वाढवायचं सलाईन लावा. अक्कांनी मुलीला विचारलं. मुलगी सासूकडे बघायला लागली. अक्का चांगल्या रुंद होत्या. त्यांनी स्टूल उचललं आणि बरोबर दोघींच्या मधे मांडलं. परत विचारलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं मुलगी हळूच म्हणाली, "बेडा." म्हणजे नको.

"बेडा म्हणाली," अक्का सासूकडे वळल्या. "आता वाट बघायची. अवरेकाळू सोलता का?"

पावट्यांचा हंगाम होता. त्या दिवसांत अक्का लेबर रूमच्या बाहेर भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं घेऊनच बसायच्या, वाट बघता बघता एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायच्या. सासू आधी फणफणली. मग बसली. मग सोलायला लागली, आणि अक्कांपेक्षा चांगलं सोलायला लागली. राहुकाळ आला आणि गेला, दोघींच्या बोटांना पावट्यांचा वास, आणि त्यानंतर कधीतरी सुनेला जोरात कळा येऊन सरळ बाळ झालं. राहुकाळ टळला होता. पुढं ती सासू सगळ्यांना सांगत फिरली की थांबायचं मीच ठरवलं.

मी त्या दिवशी अक्कांना विचारलं, ती गप्प होती तेव्हा दुसऱ्यांदा का विचारलं नाहीत?

"एकदा विचारायचं," त्या म्हणाल्या. "परत तेच विचारलं की त्याला विचारणं म्हणत नाहीत. तो रेटा झाला. तिसऱ्यांदा विचारलं की धमकी."

"आणि खरंच गरज लागली तर?"

"गरज लागली म्हणजे गोष्ट बदलली. मग नवा प्रश्न. जुनाच परत नव्हे."

मला पोळ्यांचा डबा आठवला. 

हे सगळं आलं कुठून, ते मला चिकपेटेत कळलं. दवाखान्याच्या चादरी, दुपटी यांचं कापड अक्का स्वतः जाऊन घ्यायच्या. मला सोबत नेलं होतं. त्या गर्दीतल्या एका दुकानासमोर त्या थांबल्या. आता तिथं नळ आणि तोट्या विकायला मांडल्या होत्या. "हे अप्पांचं दुकान," त्या म्हणाल्या. वडील कापडाचे व्यापारी. ताग्यावरून कापड मोजून झालं की अप्पा कात्री उचलत, ताग्याजवळ नेत आणि थांबत. "कात्री लावू का?" गिऱ्हाइकानं "लावा" असं तोंडानं म्हणायला हवं. मान हलवलेली चालत नसे. लहानपणी दुकानात बसून अक्का हे दिवसभर ऐकायच्या.

"कात्री लागली की कापड परत घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारायचं. आणि कापड तर नुसतं कापड."

त्या बोळातून चालताना मला त्यांचा फार अभिमान वाटला. आता वाटतं, अप्पांची अर्धीच गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. उरलेली अर्धी तेव्हा त्यांनाही दिसली नव्हती.

अक्कांच्या घरून कुणी पोटभर जेवून उठत नसे, असं मी म्हटलं. एक माणूस उठायचं. चारू, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आई लवकर गेली, म्हणून आत्यानंच तिला वाढवलं. चारूच्या ताटात अक्का न विचारता वाढायच्या. ती "आत्या, पुरे" म्हणत असताना तुपाची धार धरायच्या. तिची वेणी ओढून घालायच्या, तिच्यासाठी कपडे आणायच्या, तिनं कुठल्या कॉलेजात जायचं ते ठरवायच्या. मी ते बघून हेवा करायची. वाटायचं, एवढं न विचारता वाढणारं कुणी आपल्याला मिळायला भाग्य लागतं. चारूही हसून खायची. मोठी झाली, कोरमंगल्याच्या एका कंपनीत लागली, लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, तरी शनिवारी आत्याकडे जेवायला हजर.

तिला दिवस गेले तेव्हा अक्का हवेत होत्या. तपासणीला ती यायची ती सरळ वर स्वयंपाकघरात. सातव्या महिन्यात ते नेहमीचं बोलणं झालं नाही. मी आठवण केली तर अक्का म्हणाल्या, "तिला काय सांगायचं? ती तर इथल्या जिन्यावर लहानाची मोठी झालीय."

बाळंतपणाच्या दिवशी दुपारी मी चारूच्या खांद्याशी होते. सगळं सुरळीत चाललं होतं. बाळाचे ठोके उत्तम. डोकं दिसायला लागलं. चारू दमली होती, रडत होती, "आत्या, आत्या" करत होती. आणि त्या दिवशी अक्का तोंडाशी नव्हत्या, पायाशी होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या वेळी तिथं डॉक्टर नव्हती, नुसती आत्या होती, आणि तिला आपल्या मुलीचे हाल बघवत नव्हते. त्यांनी भुलीची सुई टोचली, कात्री उचलली. मी प्रश्नाची वाट बघत होते. इतकी वर्षं प्रत्येक वेळी ऐकलेला प्रश्न, तो येणारच. तो आला नाही. कात्री लागली.

लगेच मुलगा झाला. सगळ्यांचं हसणं, रडणं, बाळाचं रडणं. अक्का टाके घालत होत्या तेव्हा चारूनं विचारलं, "आत्या, कापलंस?"

"होय गं राणी. स्वल्पच. लवकर सुटलीस बघ."

"बाळाला काही झालं होतं?"

"छे, बाळ एकदम मस्त."

चारू म्हणाली, "मला विचारलं नाहीस."

अक्का हसल्या. अगदी मनापासून, मायेनं हसल्या. "तुला काय विचारायचं? तू घरची."

 चारूनं मान भिंतीकडे वळवली. मला वाटलं, थकलीय.

टाक्यांची जखम भरायला वेळ लागला. तिला बसून पाजता येईना. ती बाळाला घेऊन आपल्या घरी गेली आणि पुढच्या तपासणीला आली नाही. बाळाची इंजेक्शनंसुद्धा दुसरीकडे सुरू केली. शनिवार बंद झाले. मी एकदा परस्पर तिला भेटायला गेले तेव्हा तिनं सांगितलं.

"ताई, मी त्या जिन्यावर बसून अभ्यास करायचे. आतून आत्याचा आवाज यायचा, 'कात्री लावू का?' कुठली कुठली बाई असायची, नाव माहीत नसायचं, तिला आत्या विचारायची. मला वाटायचं, जगात माझ्या आत्यासारखं कुणी नाही. माझी वेळ येईल तेव्हा मलाही असंच विचारेल. मी वाट बघत होते, ताई. कळा सोसताना मी तेवढीच वाट बघत होते."

मी हे अक्कांना सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. सुरुवातीला त्या चिडल्या. "एवढ्याशा छेदाचं काय घेऊन बसलीय! मी काय परकी आहे?" पेशंटशी बोलताना मात्र त्यांचा आवाज बसायला लागला. "कात्री..." म्हणायच्या आणि थांबायच्या, आणि ते वाक्य मला पुरं करावं लागायचं.

मग एक दिवस वरच्या गच्चीत वाळत घातलेली दुपटी गोळा करताना त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या आईला कुठला रंग आवडायचा, मला ठाऊक नाही."

मी हातातली दुपटी खाली ठेवली.

"दुकानात एवढे तागे. ताग्याच्या शेवटी जे उरेल ते अप्पा घरी आणायचे, कापूनच आणायचे. हे तुझ्या झंपरला, हे मुलींना. प्रेमानं आणायचे हं. आईला कधी दुकानात बोलवून विचारलं नाही, यातलं कुठलं कापू? गिऱ्हाइकाला विचारायचे. आई घरची." त्यांनी दुपट्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "आई कधी काही म्हणाली नाही. म्हणून मला वाटलं, असंच असतं. अगं, मी ज्यांची नावंसुद्धा विसरले त्या बायकांना विचारलं, आणि जिला मांडीवर वाढवली तिला नाही."

त्यांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही दोघी कोरमंगल्याला गेलो. चारूचं घर चौथ्या मजल्यावर, बाळ पाळण्यात, ती लॅपटॉप मांडून कामात. अक्का दारातच थांबल्या. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या ना," चारू म्हणाली. "बसा."

जन्मभर आत्याला अगं-तुगं करणारी पोरगी. तिनं छान कॉफी केली, बिस्किटं ठेवली, बाळ दाखवलं. अक्का म्हणाल्या, "चारू, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं." चारू म्हणाली, "ठीक आहे. होऊन गेलं ते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." भांडली असती तर अक्का तिथंच बसून राहिल्या असत्या. पण एवढ्या चांगल्या वागण्यापुढे त्यांना काही सुचेना. कॉफी संपवून आम्ही उठलो. परतताना त्या रिक्षात रिक्षावाल्याला काहीच न विचारता गप्प बसून राहिल्या.

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला. मी एका मोठ्या इस्पितळात लागले. तिथं संमती असते. टॅबलेटवर असते. बाई कळा सोसत दारातून आत आली की कुणीतरी तिच्यापुढे काच धरतं, ती बोटानं सही करते, आणि होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टींना तिचं एकदम हो झालेलं असतं. मी ते अक्कांना वर्णन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि त्यात नको म्हणायची जागा कुठं असते?" मी घरी येऊन आठवून पाहिलं. नव्हती.

चारूला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती माझ्याकडे नाव घालायला आली. "तू विचारशील म्हणून आले," एवढंच म्हणाली. मी विचारायची. सातव्या महिन्यातलं बोलणं अक्कांच्याच शब्दांत केलं. ते ऐकताना ती खिडकीतून बाहेर बघत होती.

तिला कळा सुरू झाल्या ते भावाकडून अक्कांना कळलं. सकाळी मी बाहेर आले तर थंडगार एसीत, रांगेतल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर अक्का बसलेल्या. कॅनव्हासचे बूट, मोगरा, मांडीवर कापडी पिशवी. केवढ्याशा दिसत होत्या.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "मी आत येऊ का. डॉक्टर म्हणून नव्हे. हात लावणार नाही. नुसती उशाशी बसेन."

मी आत गेले. कळ उतरेपर्यंत थांबले. चारूच्या कपाळावरचा घाम पुसायला हवा होता, तेही विचारून पुसला. मग म्हटलं, "चारू, आत्या बाहेर आहे. उशाशी बसू का, असं विचारतेय."

तिनं डोळे मिटून घेतले. "नको," ती म्हणाली.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. अगं, म्हातारी आहे. एवढ्या लांबून आलीय. पाचच मिनिटं. हात जोडून विचारतेय गं. आपल्याकडे कुणीही हेच म्हटलं असतं. मी गिळलं. मला शिकवलंच तसं होतं, आणि शिकवणारी बाहेर खुर्चीत बसली होती.

माझा चेहरा बघूनच अक्कांना कळलं.

"नको म्हणाली ना?"

"हो."

"कळ चालू असताना नाही ना विचारलंस?"

"नाही. उतरल्यावर."

"परत विचारलं नाहीस ना?"

"नाही, अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. पिशवीतून मलमलीचं कापड काढलं, चिकपेटेतून आणलेलं, दुकानातल्या घडीतलं. "बाळाच्या दुपट्यांना. कात्री लावलेली नाही. तिला हवं तसं ती कापेल. पण हवं का, ते आधी विचार हं." मी त्यांना थांबायचा आग्रह केला. त्यांनी मान हलवली आणि लिफ्टकडे चालू लागल्या. लिफ्टमनला त्या काहीतरी विचारत होत्या. दार बंद झालं.

दुपारी चारूला मुलगी झाली. कात्री लागली नाही. कापडाचं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ठेव," आणि बराच वेळ ते हातात धरून होती.

अक्का त्याच वर्षी थंडीत गेल्या. झोपेतच गेल्या. स्वयंपाकघरात पावटे भिजत घातलेले होते. मधल्या महिन्यांत चारू त्यांना भेटली नाही. भेटायचं मनात होतं, असं तिचे वडील सांगतात. मुलगी जरा मोठी होऊ दे, उन्हाळ्यात जाऊ, असं चाललं होतं.

तेराव्याला जयनगरच्या घरी पानं मांडली होती. चारू माझ्या शेजारी. वाढपी अनोळखी, भाड्यानं आणलेले, आणि आग्रहाला पक्के. माझ्या पानात मी नको म्हणत असताना दोन लाडू पडले. त्या घरात मी पहिल्यांदाच पोटभर जेवत होते.

"ते कापड कपाटात तसंच आहे," चारू पानाकडे बघत म्हणाली. "कात्री हातात घेते आणि ठेवून देते." मग माझ्याकडे वळून, "ताई, त्या दिवशी तू मला परत का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

तिनं खरंच विचार केला. ती खोटं बोलत नाही, आत्याच्या हाताखाली वाढलीय.

"नाही. नकोच म्हणाले असते बहुतेक," ती म्हणाली. "पण आत्या बाहेर आहे, हे मला परत एकदा ऐकायला मिळालं असतं."

वाढपी लाडवांचं ताट घेऊन आला. "वाढू का?" त्यानं विचारलं. चारूनं पानावर हात आडवा धरला आणि नको म्हणाली. त्याला काय वाटलं कोण जाणे, तिला काही आग्रह न करता तो पुढच्या पानाकडे गेला. तिचा हात तसाच होता.